क्लोरीनने जिवाणू मेले, पण त्यांच्या विषाचे काय?

नवख्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: वीस लिटर पाण्याला क्लोरीनचे किती थेंब? पाणी न बघता याचे उत्तर देता येत नाही. पाण्यात टाकलेला क्लोरीन थेट जिवाणूंकडे जात नाही. वाटेत भेटेल ते लोह, सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड, कुजलेल्या पानांचा अर्क, अमोनिया अशा सगळ्यांशी त्याची आधी झटापट होते आणि त्यात तो खर्ची पडतो. या सगळ्यांची भूक भागल्यावर जो शिल्लक राहतो तोच पाण्याची राखण करतो. त्यामुळे थेंब मोजून काम भागत नाही, अर्ध्या तासाने उरलेला क्लोरीन मोजावा लागतो.

दुसरा प्रश्न जरा उशिरा सुचतो. जिवाणू मेले हे ठीक, पण त्यांनी तयार केलेले विष? इथे एकच एक उत्तर नाही. काही विषे क्लोरीनने मोडतात, काहींवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, आणि एका प्रकारात तर चुकीच्या वेळी टाकलेला क्लोरीनच विष पाण्यात मोकळे करतो. म्हणून आधी निर्जंतुकीकरण नीट कसे करायचे ते पाहू आणि मग विषांकडे वळू.

आधी पाणी निवळू द्या

गढूळ पाण्यात क्लोरीन ओतणे म्हणजे तो वाया घालवणे. मातीच्या कणाआड बसलेल्या जिवाणूपर्यंत तो पोहोचत नाही, आणि कणांना चिकटलेले सेंद्रिय पदार्थ त्याला खाऊन टाकतात. निर्जंतुकीकरणाआधी गढूळपणा शक्यतो १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचे एकक) खाली आणावा, आणि ते जमत नसेल तर निदान ५ च्या खाली. मीटर नसेल तर स्वच्छ काचेच्या ग्लासात पाणी घेऊन उजेडासमोर धरा. डोळ्याला धूसरपणा जाणवला तर गढूळपणा ४ एनटीयूच्या पुढे गेला असे समजायला हरकत नाही.

पाणी काही तास स्थिर ठेवून वरचे निवळ पाणी अलगद काढून घ्या, किंवा तुरटीने गाळ बसवा, आणि मग घट्ट विणीच्या कापडाच्या चार पदरांतून गाळा. कापडाने फक्त मोठे कण अडतात, जिवाणू अडत नाहीत. दुसरा मार्गच नसेल तेव्हा गढूळ पाण्याला दुप्पट मात्रा देण्याची पद्धत आहे, पण ती अडचणीतली सोय आहे. तिला रोजची रीत करू नका.

आणखी एक बघून ठेवा. पाणी हिरवे असेल, वर रंग सांडल्यासारखा तवंग असेल, तर इथेच थांबा. त्यात क्लोरीन टाकू नका. का ते पुढे येईलच.

हाताशी असलेल्या क्लोरीनची ताकद किती

बाजारात क्लोरीन साधारण चार रूपांत मिळतो. ब्लीचिंग पावडर ताजी असताना तिच्यात वजनाच्या ३० ते ३५ टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या दाण्यांत तो ६५ ते ७० टक्के असतो. सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण घरगुती असेल तर ३ ते ६ टक्के आणि कारखान्यातून ताजे आलेले असेल तर १० ते १२ टक्के. चौथे रूप म्हणजे एनएडीसीसीच्या (सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेट) गोळ्या. यातली ६७ मिलिग्रॅमची गोळी २० लिटर स्वच्छ पाण्याला साधारण २ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन देते. प्रवासात किंवा पुराच्या काळात गोळ्या बऱ्या, कारण त्या बंद पाकिटात बराच काळ टिकतात आणि मोजमापाची भानगड उरत नाही.

कपडे धुण्याचे हायपोक्लोराइट वापरायची वेळ आली तर ते साधे असले पाहिजे. सुगंध, साबण किंवा घट्टपणा आणणारे काही मिसळलेले द्रावण पिण्याच्या पाण्यात चालत नाही.

लेबलवरचा टक्का हा भरताना असलेला टक्का. ब्लीचिंग पावडर दमट हवेत तोंड उघडे राहिले की झपाट्याने मरते. द्रावणाचे वैरी म्हणजे ऊन आणि उष्णता. तापमान दर १० अंशांनी चढले की त्याचा ऱ्हास तिपटीच्या आसपास वाढतो, आणि ऱ्हास होताना त्यात क्लोरेट हे नको असलेले संयुग साठत जाते. त्यामुळे जुन्या द्रावणाची मात्रा वाढवून भागवणे हा चांगला उपाय नाही. अपारदर्शक प्लास्टिकचा कॅन, थंड आणि अंधारी जागा, घट्ट झाकण. लोखंडी डब्यात कधीच ठेवू नका.

सुरक्षिततेचे नियम थोडे आहेत, पण ते मोडले की माणूस थेट दवाखान्यात जातो. क्लोरीन आणि कोणतेही आम्ल एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. यात संडास साफ करायचे आम्लही आले. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर तो क्लोरामीनचे झोंबणारे वायू करतो. कॅल्शियम हायपोक्लोराइट तेल, डिझेल, लाकडाचा भुसा यांच्याजवळ ठेवले तर पेट घेऊ शकते, आणि पोहण्याच्या तलावासाठीच्या दुसऱ्या जातीच्या क्लोरीनमध्ये मिसळले तर स्फोटही होतो. पावडर नेहमी पाण्यात टाका, पावडरीवर पाणी ओतू नका. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा हवीच.

एक टक्क्याचे द्रावण

कोणत्याही रूपातला क्लोरीन आधी १ टक्का ताकदीच्या द्रावणात आणला की पुढचे गणित सोपे होते. १ टक्का म्हणजे लिटरमागे १० ग्रॅम क्लोरीन, म्हणजेच १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. एक लिटर द्रावणासाठी २५ टक्क्यांवर उतरलेली ब्लीचिंग पावडर ४० ग्रॅम लागेल, ७० टक्क्यांचे कॅल्शियम हायपोक्लोराइट १५ ग्रॅमच्या आत, ५ टक्क्यांचे द्रावण २०० मिलिलिटर आणि १० टक्क्यांचे १०० मिलिलिटर. बाकी पाणी.

ब्लीचिंग पावडर असेल तर आधी थोड्या पाण्यात तिची गुठळीरहित पेस्ट करा, मग उरलेले पाणी घालून ढवळा आणि निदान दहा-पंधरा मिनिटे स्थिर ठेवा. पांढरा चुना तळाशी बसतो. क्लोरीन वरच्या निवळीत असतो, म्हणून फक्त निवळी काढून घ्या. खालचा चुना पाण्यात गेला तर पाणी पांढुरके होते, पीएच चढतो, आणि डोसिंग पंपाची नळी चोंदते ती याच चुन्याने.

द्रावण खरोखर १ टक्क्याचे झाले का, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. क्लोरीन खाणारे काहीच नाही असे १० लिटर पाणी घ्या, डिस्टिल्ड किंवा आरओचे. त्यात सिरिंजने द्रावणाचा बरोबर १ मिलिलिटर टाका आणि ढवळून लगेच मोजा. मीटरने किंवा रंगपेटीने (रंग जुळवून क्लोरीन मोजायची पेटी) १ मिलिग्रॅम प्रति लिटर दाखवला पाहिजे. ०.६ आला तर तुमचे द्रावण ०.६ टक्क्याचे आहे. पुढची सारी मात्रा त्या हिशेबाने वाढवा किंवा ताजी पावडर आणा. उरलेले द्रावण आठवडाभरात संपवणे बरे.

चार बादल्यांची चाचणी

पाण्याला क्लोरीनची भूक किती आहे हे सांगणारे कोष्टक कुठेही छापलेले नसते. ते पाण्यालाच विचारावे लागते.

१. धातूच्या नव्हे, प्लास्टिकच्या चार सारख्या बादल्या धुऊन घ्या. प्रत्येकीत निवळलेले पाणी मोजून २० लिटर भरा.

२. सुई काढलेल्या ५ मिलिलिटरच्या सिरिंजने १ टक्क्याचे द्रावण टाका: पहिलीत १ मिलिलिटर, दुसरीत २, तिसरीत ३, चौथीत ४. म्हणजे मात्रा झाली ०.५, १, १.५ आणि २ मिलिग्रॅम प्रति लिटर. ड्रॉपरवर विसंबू नका, त्याच्या तोंडाप्रमाणे थेंब लहानमोठा पडतो.

३. स्वच्छ काठीने ढवळा, झाका, सावलीत ठेवा. घड्याळ लावून ३० मिनिटे थांबा.

४. प्रत्येक बादलीतला मुक्त क्लोरीन, म्हणजे कशाशीही न जुळता शिल्लक राहिलेला क्लोरीन, मोजा.

समजा आकडे आले ०, ०.१, ०.६ आणि १.१. दुसरीत १ टाकला आणि ०.१ उरला, तिसरीत १.५ टाकला आणि ०.६ उरला. म्हणजे या पाण्याची भूक ०.९ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि तिच्यापुढे टाकलेला क्लोरीन जसाच्या तसा शिल्लक राहतो. अर्ध्या तासानंतर निदान ०.५ उरावा हे जागतिक आरोग्य संघटनेचे माप आहे, म्हणून तिसरी बादली निवडायची. २० लिटरला ३ मिलिलिटर, तर १,००० लिटरच्या टाकीला १५० मिलिलिटर आणि २०,००० लिटरला ३ लिटर.

चारही बादल्यांत शून्य आले तर मात्रा दुप्पट करून पुन्हा बसा. तरीही भूक भागत नसेल तर क्लोरीन वाढवत नेण्याआधी पाण्यातच काहीतरी गडबड आहे का ते शोधा: मैलापाणी मिसळणे, कुजका पाला, जास्त लोह. विरघळलेले १ मिलिग्रॅम लोह सुमारे ०.६४ मिलिग्रॅम क्लोरीन खाते आणि १ मिलिग्रॅम मँगनीज सुमारे १.३.

अमोनियाचे प्रकरण वेगळे आहे, आणि नवखे लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. अमोनिया असलेल्या पाण्यात क्लोरीन टाकला की आधी क्लोरामीन म्हणजे संयुक्त क्लोरीन बनतो. मात्रा वाढवत गेलात की एकूण क्लोरीन आधी चढतो, मग चक्क उतरतो, आणि एका टप्प्यानंतरच मुक्त क्लोरीन दिसू लागतो. हा टप्पा अमोनियातल्या नायट्रोजनच्या वजनाच्या साधारण ८ ते १० पट क्लोरीन टाकल्यावर येतो. नायट्रोजन ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर असेल तर ४ ते ५ मिलिग्रॅम क्लोरीन नुसता तिथवर पोहोचायला लागतो. ‘क्लोरीनचा उग्र वास येतोय, कमी टाका’ अशी तक्रार आली तर म्हणूनच लगेच मात्रा कमी करू नये. झोंबणारा वास बहुधा या उतारावर बनणाऱ्या डाय आणि ट्रायक्लोरामीनचा असतो. क्लोरीन कमी पडल्याची ती खूण असू शकते. मोजून बघा, मग ठरवा.

अर्धा तास म्हणजे नेमका किती

पाण्यात क्लोरीनची दोन रूपे असतात: हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन. मारक शक्ती बहुतांशी पहिल्यात आहे, दुसरे त्याच्यापुढे कित्येक पटींनी दुबळे. कोणते किती असेल हे पीएच ठरवतो. २५ अंश सेल्सिअसला पीएच ६.५ असेल तर सुमारे ९० टक्के हायपोक्लोरस आम्ल, ७.५ ला निम्मेनिम्मे, ८.५ ला जेमतेम ९ टक्के. मीटरवर दोन्हीची बेरीज दिसते. पीएच ८.५ च्या पाण्यात ०.५ दाखवणारा क्लोरीन म्हणूनच बराचसा कागदी असतो. पीएच ८ च्या खाली ठेवा, आणि नाहीच जमले तर वेळ आणि मात्रा दोन्ही वाढवा.

थंडीतही तेच. तीस मिनिटांचे माप १८ अंशांच्या वरच्या पाण्यासाठी आहे. त्याखाली दर १० अंशांमागे वेळ दुप्पट धरावा.

अर्धा तास मोजायचा तो पूर्ण मिसळल्यानंतर, आणि पाणी खरोखर थांबलेले असताना. १,००० लिटरच्या टाकीत एका बाजूने पाणी येते आहे आणि दुसऱ्या बाजूने मिनिटाला २० लिटर जाते आहे. कागदावर ५० मिनिटे मिळतात. पण आत आडव्या भिंती नसलेल्या टाकीत पाणी सरळ जवळच्या वाटेने निघून जाते. अशा टाकीसाठी अभियंते ०.१ चा गुणक धरतात, म्हणजे खरा संपर्क ५ मिनिटांचा. उपाय साधा आहे: दोन टाक्या आळीपाळीने वापरा. एक भरा, मात्रा द्या, थांबा. तोवर दुसरी वापरा. टाकी अर्धी भरल्यावर द्रावण ओतले तर उरलेले पाणी पडताना ते आपोआप ढवळले जाते.

विहिरीचे पाणी मोजायला व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, सगळे मीटरमध्ये, आणि आलेला आकडा गुणिले १,०००. व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर असेल तर ३७,६८० लिटर. १.५ मिलिग्रॅमच्या मात्रेला ५६.५ ग्रॅम क्लोरीन लागेल, म्हणजे २५ टक्क्यांची पावडर सुमारे २२६ ग्रॅम. निवळी बादलीत घेऊन दोरीने पाण्याखाली सोडा आणि बादली वरखाली, आजूबाजूला हलवा. झरे चालू असल्याने हा क्लोरीन दुसऱ्या दिवसापर्यंत टिकेल याची खात्री नाही. प्यायच्या भांड्यातले माप वेगळे घ्यावेच लागते.

नवी किंवा पुरात बुडालेली टाकी असेल तर आधी खरवडून धुवा, मग ५० मिलिग्रॅम प्रति लिटरचे पाणी काठोकाठ भरून २४ तास ठेवा आणि रिकामी करा. हे पाणी पिण्याचे नाही आणि ओढ्यात किंवा तळ्यात सोडण्याचेही नाही, मासे मरतात.

मोजणीतल्या फसगती

जुन्या पिवळ्या रंगाच्या ऑर्थोटोलिडीन चाचणीत मुक्त आणि संयुक्त क्लोरीन नीट वेगळे होत नाहीत, शिवाय ते रसायन हाताळायला चांगले नाही. गुलाबी रंग देणारी डीपीडी वापरा. १ क्रमांकाची गोळी मुक्त क्लोरीन दाखवते. त्याच नमुन्यात ३ क्रमांकाची टाकली की एकूण क्लोरीन मिळतो. दोन्हींतला फरक म्हणजे संयुक्त.

१ क्रमांकाचा आकडा मिनिटभरात वाचा. रंग नंतर हळूहळू गडद होत गेला तर पाण्यात क्लोरामीन आहे, आणि तो उशिरा वाचलेला आकडा खोटा. गोळीला बोट लावू नका. नळी आदल्या नमुन्यातल्या ३ क्रमांकाच्या अंशाने दूषित असेल तर पुढचा मुक्त क्लोरीन उगाच जास्त दिसतो. क्लोरीनने ऑक्सिडाइझ झालेले मँगनीजही गुलाबी रंग देते.

सगळ्यात धोकादायक फसगत उलटी आहे. क्लोरीन फार जास्त, १० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा पुढे असेल, तर गुलाबी रंग क्षणभर चमकून उडून जातो. नळीत पाणी नितळ, माणूस शून्य लिहितो आणि आणखी क्लोरीन ओततो. शून्य आले की एकदा नमुना शुद्ध पाण्याने दहापट पातळ करून पुन्हा बघायची सवय ठेवा.

कमाल मर्यादा म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ५ मिलिग्रॅम प्रति लिटर हा आकडा दिला आहे, पण चवीची तक्रार त्याच्या कितीतरी आधी, ०.६ ते १ च्या दरम्यानच सुरू होते. घराघरांत पोहोचताना निदान ०.२ तरी हवा. सेंद्रिय पदार्थ आणि क्लोरीन मिळून ट्रायहॅलोमिथेन ही अपायकारक संयुगे बनतात हे खरे. ते कमी करायचे तर क्लोरीनच्या आधी पाणी स्वच्छ करा. निर्जंतुकीकरण कमी करणे हा त्यावरचा उपाय नाही.

नोंदवही ठेवा, आणि खरी ठेवा. कॅनडात ऑन्टारिओमधल्या वॉकरटन गावात मे २००० मध्ये ई. कोलाय ओ१५७ आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू पाण्यातून पसरले. सुमारे २,३०० लोक आजारी पडले, ७ दगावले. क्लोरीन कमी टाकला जात होता, उरलेला क्लोरीन रोज मोजला जात नव्हता, आणि वहीत मात्र आकडे भरलेले होते, असे चौकशीत निघाले.

आणि क्लोरीनकडून नको ती अपेक्षाही नको. साधे रोगकारक जिवाणू त्याच्यापुढे काही मिनिटांत नमतात, विषाणू थोडा अधिक वेळ घेतात, जिआर्डिया हा परजीवी बराच. क्रिप्टोस्पोरिडियम या दुसऱ्या परजीवीला मात्र पिण्याच्या पाण्यातला क्लोरीन जवळजवळ लागतच नाही. तिथे उकळणे, अतिनील किरण किंवा १ मायक्रॉनपर्यंतचे खात्रीचे गाळण हाच मार्ग.

आता विषांबद्दल

‘जिवाणूंचे विष’ हा शब्द सरसकट वापरला की गोंधळ होतो. पाण्याच्या बाबतीत निदान चार वेगळ्या गोष्टी त्यात येतात.

पहिला प्रकार कॉलऱ्यासारखा. कॉलराचे विष पाण्यातून पोटात जात नाही. जिवाणू आतड्याला चिकटतो आणि तिथे ते बनवतो. ई. कोलाय ओ१५७ चे शिगा विषही तसेच. इथे जिवाणू पाण्यातच मेला की प्रश्न मिटला. विषासाठी वेगळे काही करावे लागत नाही.

दुसरा प्रकार जिवाणूने बाहेरच बनवलेल्या विषांचा. बोट्युलिनम हे माहीत असलेल्या विषांपैकी सर्वांत जहाल, पण प्रथिन असल्याने नाजूक. सुमारे ३ मिलिग्रॅम प्रति लिटर मुक्त क्लोरीनमध्ये २० मिनिटांत ते ९९ टक्क्यांहून जास्त निष्क्रिय होते आणि दहा मिनिटे उकळल्यानेही मोडते. ते बनवणाऱ्या जिवाणूचे बीजाणू मात्र दोन्हींतून वाचतात. स्टॅफिलोकॉकसचे उलटीजुलाबाचे विष उकळूनही टिकते, पण ते पाण्यापेक्षा उघड्यावर राहिलेल्या शिजवलेल्या अन्नाचे दुखणे आहे.

तिसरे एंडोटॉक्सिन. ग्रॅम-निगेटिव्ह नावाच्या गटातल्या जिवाणूंच्या (ई. कोलाय त्यातलाच) बाहेरच्या आवरणाचाच हा तुकडा, त्यामुळे जिवाणू मेला की तो उलट पाण्यात सुटतो. पाण्याला देतो तेवढ्या क्लोरीनने तो फारसा जात नाही, उकळल्यानेही नाही. प्रयोगशाळेतली काचभांडी त्यापासून मुक्त करायला २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते. तरीही पिण्याच्या बाबतीत घाबरायचे कारण नाही, कारण आपल्या आतड्यात हे एंडोटॉक्सिन मुळातच भरपूर असते. धोका आहे तो रक्तात किंवा फुप्फुसात गेल्यास. म्हणून नेब्युलायझर किंवा ह्युमिडिफायरमध्ये नळाचे क्लोरीनयुक्त पाणी ‘निर्जंतुक’ समजून भरू नये. डायलिसिसच्या पाण्याला तर मिलिलिटरमागे ०.२५ एंडोटॉक्सिन युनिटांच्या खाली राहण्याची अट असते, आणि तिथे क्लोरीन स्वतःच आधी कार्बनने काढून टाकावा लागतो.

चौथा प्रकार सगळ्यात अवघड. नीलहरित शेवाळ नावापुरतेच शेवाळ, खरे तर ते जिवाणू.

हिरव्या पाण्याशी कसे वागावे

नीलहरित शेवाळाची मायक्रोसिस्टिन नावाची विषे यकृतावर हल्ला करतात, सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन यकृत आणि मूत्रपिंडावर, सॅक्सिटॉक्सिन आणि अॅनाटॉक्सिन-ए चेतासंस्थेवर. शेवाळ ठणठणीत असते तोवर मायक्रोसिस्टिनचा बहुतांश साठा पेशींच्या आत कोंडलेला असतो. पेशी फुटली की तो पाण्यात. म्हणजे हिरव्या पाण्यात क्लोरीन किंवा मोरचूद टाकणे म्हणजे विषाची पिशवी पाण्यातच फोडणे.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या पाम आयलंडवर १९७९ मध्ये हेच झाले असावे असे मानले जाते. धरणातल्या शेवाळावर मोरचूद मारले गेले, आणि काही दिवसांतच १४८ लोक, त्यांतली बहुतेक मुले, यकृत आणि मूत्रपिंडाच्या दुखण्याने आजारी पडली. कारण म्हणून नंतर सिलिंड्रोस्पर्मॉप्सिनकडे बोट दाखवले गेले. ब्राझीलच्या करुआरूमध्ये १९९६ साली मायक्रोसिस्टिन असलेले पाणी डायलिसिसला वापरले गेले आणि पन्नासहून अधिक रुग्ण मृत्युमुखी पडले.

शेवाळ कोणते हे ओळखायला दोन घरगुती खुणा आहेत. काठी पाण्यात फिरवून वर काढा. लांब तंतू लोंबले तर ते साधे हिरवे शेवाळ, रंगाचा लेप बसला तर नीलहरित असण्याची शक्यता जास्त. दुसरी खूण: पारदर्शक बाटली पाऊण भरून रात्रभर न हलवता ठेवा. हिरवा थर वर तरंगून आला तर संशय पक्का धरा. काठी आणि बाटली हाताळताना हातमोजे घाला. वासावर मात्र भरवसा ठेवू नका. पाण्याला येणारा ओल्या मातीचा वास जिओस्मिनचा, ते विष नाही. आणि विषांना वास नाही.

पाणी दुसरीकडून घेता आले तर तेच करा. निदान पाणी ओढायचे तोंड खोल न्या आणि वाऱ्याने तवंग ज्या काठाला साचतो त्या काठापासून दूर ठेवा. दुसरा स्रोत नसेल तर क्रम असा: आधी पेशी न फोडता काढायच्या, मग विरघळलेले विष काढायचे, क्लोरीन सगळ्यांत शेवटी. सुरुवातीलाच क्लोरीन देणारी यंत्रणा असेल तर ती बंद करा. तुरटी घालून सावकाश ढवळून गाळ बसवा आणि गाळण करा. बसलेला गाळ साठवून ठेवू नका, कारण त्यातल्या पेशी काही दिवसांत मरून विष सोडतात. गाळणी उलटी धुतलेले पाणी पुन्हा सुरुवातीला मिसळू नका. त्यानंतर सक्रिय कार्बन. मायक्रोसिस्टिनचा रेणू मोठा, म्हणून मध्यम आकाराची छिद्रे जास्त असलेला, लाकडापासून केलेला कार्बन त्याला चांगला धरतो.

आता स्वच्छ पाण्यातला उरलासुरला विषांश क्लोरीन मोडू शकतो. मायक्रोसिस्टिनसाठी पीएच ८ च्या खाली आणि ३० मिनिटांनंतर ०.५ मिलिग्रॅमहून जास्त मुक्त क्लोरीन, हे माप पुरते. इथे क्लोरामीन चालत नाही, मुक्तच हवा. सिलिंड्रोस्पर्मॉप्सिनही क्लोरीनने लवकर मोडते. सॅक्सिटॉक्सिनचा स्वभाव उलटा आहे, ते पीएच ९ च्या आसपास जास्त चांगले मोडते, आणि तेवढ्या पीएचला जंतू मारण्याची ताकद घटते. अॅनाटॉक्सिन-ए क्लोरीनला फारशी दाद देत नाही, त्याला परमँगनेट किंवा ओझोन लागतो. कोणते विष आहे हे ठाऊक नसताना क्लोरीनवर हवाला ठेवू नये तो यामुळे.

उकळू नका. जंतूंसाठी उकळणे उत्तम, पण मायक्रोसिस्टिन उकळून जात नाही आणि पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. अमेरिकेतल्या टोलिडो शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये चार लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असे सांगावे लागले ते यासाठीच. घरगुती अतिनील दिव्यातही हे विष मोडण्याइतकी ताकद नसते. आरओ चांगला अडथळा करतो. कार्बन फिल्टर बसवलेले साधे भांडे तेव्हाच वापरा जेव्हा त्याची त्या विषासाठी चाचणी झालेली असेल आणि फिल्टरचे काडतूस मुदतीत बदललेले असेल.

मोजमापासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे लक्षात ठेवा: मायक्रोसिस्टिन-एलआर रोजच्या पाण्यात लिटरमागे १ मायक्रोग्रॅम, थोड्या दिवसांपुरते १२. सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन ०.७ आणि ३. सॅक्सिटॉक्सिनला एकच, अल्पकाळाचा आकडा: ३. चाचणीपट्टी किंवा एलायझा (प्रतिपिंडांच्या मदतीने विष मोजणारी चाचणी) वापरताना पेशी फोडण्याची पायरी गाळू नका, नाहीतर आत कोंडलेले विष मोजणीत येतच नाही. क्लोरीन दिलेल्या पाण्याचा नमुना घेताना बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट हवे. ते नसेल तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत क्लोरीन बाटलीतच काम करत राहतो आणि निकाल खऱ्यापेक्षा चांगला येतो. जिवाणूंच्या नमुन्यालाही हाच नियम.

पुरवठा पुन्हा सुरू करताना एका चांगल्या निकालावर भागवू नका, वेगवेगळ्या वेळी घेतलेले निदान दोन नमुने स्वच्छ येऊ द्या. मग वाहिन्यांच्या टोकांपर्यंतचे नळ सोडून जुने पाणी काढून टाका. घरातल्या टाक्या रिकाम्या करा, त्या दिवसांत जमवलेला बर्फ फेका आणि फिल्टरचे काडतूस बदला.